कप उलटा करून पाहा : जपानी पोर्सिलेनची तळओळख

मंडळाच्या मदतनिधीसाठी यंदा जुन्या वस्तूंचा लिलाव करायचे ठरले, आणि पहिली वस्तू आली ती आमच्या सेम्बावांगमधूनच. शेजारच्या ब्लॉकमध्ये मुलाकडे राहणाऱ्या एका आजींनी घरातल्या बॉम्ब शेल्टरमधून (म्हणजे सिंगापुरातल्या आपल्या अडगळीच्या खोलीतून!) एक खोके बाहेर काढले. आत जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेला टी-सेट होता. सहा कप, पाच बश्या, किटली, दुधाचे भांडे, साखरेचे भांडे. करड्या-काळ्या रंगावर फुगीर नक्षीचा मोठा ड्रॅगन. सहावी बशी १९७२ साली दादरच्या घरात फुटली, तिचा हिशेब आजींनी न विचारता दिला.

समितीतल्या उत्साही मंडळींनी लगेच पत्रकाचा मसुदा तयार केला : "राजघराण्यातील, दीडशे वर्षे जुना, दुर्मिळ जपानी टी-सेट!" आणि आम्हाला निरोप आला, की "तुम्ही जपानात राहून आलात, त्यातलं तुम्हाला कळतं, तर शेजारी ठेवायच्या कार्डावर दोन ओळी लिहून द्या."

आता आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. एका प्रोजेक्टसाठी दोन वर्षे फुकुओकाला होतो, तिथून आगगाडीने दीडेक तासात अरिता गावी जाता येते, म्हणून शनिवार-रविवारी तिथे चकरा झाल्या. भांडी विकत घेण्यापेक्षा बघणेच जास्त झाले. एवढ्या भांडवलावर आम्ही "त्यातले" ठरलो. असो. दोन ओळी लिहायला बसलो आणि त्याचा हा लेख झाला. त्या दोन ओळी शेवटी आहेतच, पण तिथवर पोहोचायला जरा लांबची वाट घ्यावी लागेल.

आधी थोडी माती

आपण मराठीत सगळ्यालाच सरसकट "चिनी माती" म्हणतो. लोणच्याची बरणीही चिनी मातीची आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली कपबशीही चिनी मातीची. पण ही दोन वेगळी घराणी आहेत. बरणी असते जाड दगडी मातीची. तिच्यातून पाणी झिरपत नाही, पण उजेडही आरपार जात नाही. पोर्सिलेन मात्र पांढरेशुभ्र, कठीण आणि पातळ जागी अर्धपारदर्शक असते. आणि "बोन चायना" हे तिसरेच प्रकरण. त्यात जनावरांच्या हाडांची राख मिसळतात. ही युक्ती इंग्लंडात अठराव्या शतकाच्या अखेरीस पक्की झाली.

जपानी पोर्सिलेन बनते ते एका विशिष्ट दगडापासून. हा दगड कुटायचा, पाण्यात धुऊन गाळायचा, मळायचा आणि चाकावर घडवायचा. भांडे वाळले की साधारण ९०० अंश सेल्सियसला पहिली भाजणी होते. मग कोबाल्टच्या रंगाने निळी नक्षी काढायची, वरून झिलई द्यायची आणि सुमारे १३०० अंशांना दुसरी भाजणी. एवढ्या उष्णतेला दगडातला काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि उरलेल्या कणांना घट्ट धरून ठेवतो. त्यामुळेच टिचकी मारली तर पोर्सिलेन खणखणीत वाजते. कुठे केसासारखा तडा असेल तर आवाज बद्द येतो. लाल, हिरवे, सोनेरी असे रंग एवढी आच सोसत नाहीत. ते झिलईवर काढून पुन्हा ८०० अंशांच्या आसपास भाजतात.

म्हणजे एक रंगीत ताटली तीनदा आगीतून जाते. दर वेळी काही भांडी वाकतात, काही तडकतात. आमच्या धंद्यात चूक झाली तर मागचे व्हर्जन परत आणता येते. इथे ती सोय नाही!

अरिता आणि इमारी

चीनला ही विद्या जपानच्या कितीतरी शतके आधी येत होती. जपानमध्ये ती आली ती युद्धाच्या वाटेने. तोयोतोमी हिदेयोशीने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर दोनदा स्वारी केली. परतताना जपानी सरदारांनी तिथले कुंभार आपल्या मुलखात आणले. बरेचसे पकडूनच आणले. त्यांच्यापैकी यी साम-प्योंग या कुंभाराला १६१६ साली अरिताजवळच्या इझुमियामा डोंगरात पोर्सिलेनचा दगड सापडला, अशी परंपरा आहे. त्याच हिशेबाने २०१६ साली अरिताने चारशेवा वाढदिवस साजरा केला. गावातल्या देवळात या कोरियन कुंभाराचीही पूजा होते, आणि देवळाची कमान चक्क पोर्सिलेनची आहे, १८८८ सालची. इझुमियामाचा डोंगर आता पोखरून पोखरून खड्डा झाला आहे. हल्ली बहुतेक दगड अमाकुसा बेटांवरून येतो.

मग "इमारी" म्हणजे काय? इमारी हे अरिताजवळचे बंदर. भांडी बनत अरिता परिसरात, पण जहाजात चढत इमारीला. त्यामुळे जगाला नाव कळले ते बंदराचे. संत्री काटोल-वरूडची, पण बाजारात नाव नागपूरचे, तसेच हे.

जगात या भांड्यांना मागणी आली ती चीनमधल्या गोंधळामुळे. १६४४ साली मिंग राजवट कोसळली, चीनमधून होणारा माल आटला. डच ईस्ट इंडिया कंपनीला पोर्सिलेन तर हवे होते. नागासाकीच्या देजिमा या चिमुकल्या बेटावर त्यांची वखार होतीच. १६५९ साली त्यांनी अरिताला पन्नास हजारांहून अधिक नगांची मोठी ऑर्डर दिली, आणि डोंगरातल्या त्या गावाचे नशीब पालटले.

ही कंपनी आपल्याला परकी नाही. तिचीच वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती. तिचे पडके अवशेष तिथे आजही दिसतात. मलाक्का १६४१ पासून डचांकडेच होते. जपानहून मलाक्क्याला निघालेल्या गलबताला सिंगापूरच्या सामुद्रधुनीतूनच जावे लागे. म्हणजे सेम्बावांगच्या किनाऱ्यावर आपण मुलांना मासे पकडायला नेतो, त्याच बेटाच्या दक्षिण अंगाने भाताच्या पेंढ्यात बांधलेल्या या थाळ्या कधीकाळी पश्चिमेकडे गेल्या.

संग्राहक कशावर भाळतात?

जपानी पोर्सिलेनची चार नावे लक्षात ठेवली, तरी म्युझियममध्ये आपण अगदीच अडाणी ठरत नाही.

पहिले इमारी. गडद निळा, विटकरी लाल आणि सोनेरी. सगळी ताटली भरगच्च, आपल्या पैठणीच्या पदरासारखी. युरोपातल्या राजेरजवाड्यांना हेच आवडले.

दुसरे काकिएमोन. इथे सगळे उलट. दुधासारखा पांढरा पृष्ठभाग आणि त्यावर एका बाजूला एखादी फांदी, दोन पक्षी, बस्स. उरलेली जागा मोकळी. ती मोकळी जागा हीच खरी नक्षी, असे जाणकार सांगतात. साकाइदा काकिएमोनने सतराव्या शतकाच्या मध्याला झिलईवरचे लाल रंगकाम साधले असे मानतात. आज त्या घराण्याची पंधरावी पिढी काम करते आहे. गंमत म्हणजे हा दुधाळ पांढरा घडवण्याची रीत मधल्या काळात विसरली गेली होती. बाराव्या आणि तेराव्या काकिएमोनने, म्हणजे बाप-लेकाने, ती १९५३ साली पुन्हा उभी केली.

तिसरे नाबेशिमा. हे बाजारात विकायला नव्हतेच. ओकावाची या दरीतल्या गावात नाबेशिमा सरदारांच्या भट्ट्या होत्या. शोगुनला आणि इतर सरदारांना द्यायचे नजराणे तिथे बनत. विद्या बाहेर जाऊ नये म्हणून गावाच्या वाटेवर पहारा असे. ताटलीच्या उंच बुडावर कंगव्याच्या दातांसारखी निळी पट्टी, ही त्याची खूण. आम्ही ओकावाचीला गेलो तेव्हा ताटल्यांपेक्षा जास्त लक्षात राहिले ते तिथले एक स्मारक. नावगाव विसरल्या गेलेल्या शेकडो कुंभारांच्या थडग्यांचे दगड तिथे एकावर एक रचून ठेवले आहेत. नजराणे पोहोचले, बनवणाऱ्यांची नावे मात्र राहिली नाहीत.

चौथे कुतानी. हे जपानच्या दुसऱ्या टोकाचे, आजच्या इशिकावा भागातले. गडद हिरवा, पिवळा, जांभळा असे ठसठशीत रंग. आणि एक पाचवे नाव सावधगिरीसाठी : सात्सुमा. पिवळसर अंगावर बारीक भेगांची जाळी आणि भरपूर सोने. दिसायला देखणे, पण ते पोर्सिलेन नव्हे, मातीचेच.

या वेडापायी लोकांनी काय काय केले! सॅक्सनीचा राज्यकर्ता ऑगस्टस याच्याकडे चिनी आणि जपानी मिळून वीस हजारांहून अधिक नग होते. १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाला ६०० सैनिक दिले आणि बदल्यात १५१ चिनी नग घेतले. त्यातल्या मोठ्या बरण्यांना अजून "ड्रगून बरण्या" म्हणतात. त्याच राजाने १७१० साली माइसेनला युरोपातला पहिला खऱ्या पोर्सिलेनचा कारखाना काढला, आणि तिथल्या कारागिरांनी काकिएमोनच्या हुबेहूब नकला केल्या. जी जपानी विद्या स्वतः कोरिया-चीनकडून आली, तिची नक्कल जर्मनीत झाली. चोरावर मोर म्हणायचे ते यालाच!

मुंबईचा धागा

हे सगळे राजेलोकांचे झाले. आपला काय संबंध? आहे. मुंबईच्या फोर्टमधले आपले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, लोकांसाठी १९२२ साली उघडले. जमशेटजी टाटांचे दोन्ही मुलगे, सर दोराबजी (१८५९–१९३२) आणि सर रतन (१८७१–१९१८), हौशी संग्राहक होते. दोघांचे संग्रह पुढे या संग्रहालयाला मिळाले, आणि त्यांत चिनी व जपानी पोर्सिलेनही आहे. शाळेच्या सहलीत आपण भुसा भरलेला वाघ पाहून खाली पळालो, वरच्या मजल्यावर ही कपाटे होती! पुढच्या सुट्टीत मुंबईला जाल तेव्हा मुलांना घेऊन तिथे तासभर अवश्य काढा.

जपान आणि मुंबई यांना जोडणारी आणखी एक ओळ जमशेटजींचीच आहे. १८९३ साली ते जपानला गेले होते. मुंबईचा कापूस जपानी गिरण्यांकडे न्यायला इंग्रज कंपनी भाडे फार लावत असे. जमशेटजींनी जपानच्या निप्पॉन यूसेन कैशा या कंपनीशी हातमिळवणी केली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांची मुंबई-जपान जहाजे सुरू झाली. इथून कापसाच्या गाठी गेल्या, आणि पुढच्या काही दशकांत तिकडून काड्यापेट्या, रेशीम, काचेच्या बांगड्या आणि कपबश्या आल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या बाजारात जपानी माल म्हणजे स्वस्त माल, अशीच ख्याती होती. आजींच्या टी-सेटचे कूळ ऑगस्टस राजापेक्षा या बोटींच्या जास्त जवळचे आहे, हे आता सुज्ञ वाचकांच्या लक्षात येऊ लागले असेल.

बूड वाचायला शिका

आता मुख्य धडा. भांडे हातात आले की नवशिक्या नक्षी बघतो, जाणकार ते आधी उलटे करतो. वरची बाजू ही जाहिरात, खालची बाजू हा जन्मदाखला.

एक : बुडाची कडा बघा. भांडे भट्टीत ठेवताना तेवढ्या कडेवर झिलई ठेवत नाहीत, नाहीतर ते फळीला चिकटेल. तिथे खरी माती उघडी दिसते. जुन्या भांड्याची कडा वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेली असते.

दोन : अरिताच्या मोठ्या थाळ्यांच्या बुडाला आत तीन, चार किंवा पाच बारीक टोचे दिसतात. पुष्कळांना ते दोष वाटतात. खरे म्हणजे थाळीचे पोट भट्टीत खाली बसू नये म्हणून दिलेल्या मातीच्या छोट्या खुंटांच्या त्या खुणा. भाजल्यावर खुंट तोडतात, खूण राहते.

तीन : शिक्क्यावर एकदम विश्वास टाकू नका. जुन्या जपानी भांड्यांवर कितीदा चिनी मिंग सम्राटांच्या काळाचे शिक्के असतात! फसवण्यासाठीच असे नव्हे, चिनी मालाचा मान होता म्हणून. कुठे नुसते "सौख्य" या अर्थाचे अक्षर असते.

चार : रोमन लिपी दिसली तर नवे समजा. अमेरिकेने १८९० साली कायदा केला, की आयात मालावर देशाचे नाव हवे. तो १८९१ पासून लागू झाला. तेव्हापासून भांड्यांवर "निप्पॉन" असे रोमन अक्षरांत येऊ लागले. १९२१ साली अमेरिकेने "निप्पॉन" नको, "जपान" लिहा असे ठरवले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्तांच्या ताब्यात असताना, १९४७ ते १९५२ च्या दरम्यान, कित्येक नगांवर "मेड इन ऑक्युपाइड जपान" असे छापले गेले. कायदा अमेरिकेचा असला, तरी निर्यातीच्या मालाची तारीख ओळखायला या खुणा सगळीकडेच उपयोगी पडतात.

पाच : भिंग वापरा. हाताने ओढलेल्या रेघेला जाडी-बारीक असते, कुंचला कुठे थांबला ते कळते. मेइजी काळातही छापील नक्षीची भांडी होती, तेव्हा छापील म्हणजे खोटे असे नाही. पण वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपक्यांचे जाळे दिसले, तर "इडो काळातले आहे हो" यावर विश्वास ठेवू नका.

हे पाचवे कलम आम्ही पदरचे पैसे घालून शिकलो. जुन्या वस्तूंच्या एका बाजारात एका गोड बोलणाऱ्या विक्रेत्याने "तीनशे वर्षांची इमारी" म्हणून ताटली दिली. महिन्याच्या किराण्याएवढे पैसे मोजले. घरी येऊन भिंग लावले तर ठिपकेच ठिपके! दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोलले नाही. आता ती ताटली आमच्याकडे गणपतीत मोदकांना असते. नवी असल्यामुळे निदान धुवायची भीती नाही.

जाता जाता निगराणीच्या दोन गोष्टी. सोनेरी काम असलेले भांडे मायक्रोवेव्हमध्ये किंवा डिशवॉशरमध्ये घालू नका, सोने उडते. आणि खूप जुन्या रंगीत भांड्यांत लोणचे, चिंच, लिंबू असले आंबट पदार्थ ठेवू नका. झिलईवरच्या जुन्या रंगांत शिसे असू शकते.

कपातली बाई

तर आता आजींच्या टी-सेटकडे येऊ. एका रविवारी सकाळी खोके घेऊन आजींच्या घरी बसलो. कप उलटा केला. खाली लाल रोमन अक्षरे : "मेड इन जपान". म्हणजे बहुधा १९२१ नंतरचा. ड्रॅगन हा पातळ माती पिशवीतून सोडून काढलेला, आपण केकवर आयसिंग काढतो ना, तसाच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणि मध्यापर्यंत असे ड्रॅगनचे टी-सेट निर्यातीसाठी ढिगाने बनत. बोटींवरचे खलाशी, सैनिक, व्यापारी ते घरोघर नेत. थोडक्यात राजवाडा नाही, दीडशे वर्षे नाहीत आणि दुर्मिळ तर नाहीच. बाजारभाव म्हणाल तर एका कुटुंबाचे रविवारचे हॉटेलातले जेवण.

हे आजींना सांगायचे कसे?

आम्ही जरा चाचरतच सांगितले. आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या सासूबाई खोटं बोलल्या?"

तसे नव्हते. हिशेब मांडला तेव्हा उलगडा झाला. सेट घरात आला सासूबाईंच्या लग्नानंतर, १९३०च्या दशकात. सासरे एका संस्थानात कारकून होते, मुंबईला कामाला गेले की काहीतरी घेऊन यायचे. त्यातलाच हा सेट. "संस्थानातल्या नोकरीच्या वेळचा" हे पुढच्या पिढीत "संस्थानातला" झाले, त्याच्या पुढच्या पिढीत "राजवाड्यातला". आजी स्वतः गेली पन्नास वर्षे "शंभर वर्षांचा सेट" म्हणत आल्या, म्हणून पत्रकवाल्यांनी हिशोबाने पन्नास वाढवले. खोटे कोणीच बोलले नाही. प्रत्येकाने प्रेमाने थोडे थोडे घातले.

मग आजींनी एक रिकामा कप उचलला आणि नातवाला म्हणाल्या, "तुझ्या फोनची बॅटरी लाव रे." कपाच्या तळाला बाहेरून उजेड लागला आणि आत एका जपानी बाईचा चेहरा उमटला. केसांचा अंबाडा, खाली वळलेली नजर, सगळे. नातू ओरडलाच! आजोबांच्या काळापासून घरात असलेल्या कपात कोणीतरी राहते, हे त्याला माहीतच नव्हते.

याला लिथोफेन म्हणतात. युक्ती युरोपातली, १८२० च्या दशकातली. जपानी कारखान्यांनी ती कपाच्या तळाशी बसवली. तत्त्व सोपे आहे. तळ सगळीकडे सारख्या जाडीचा ठेवत नाहीत. जिथे पातळ तिथून जास्त उजेड येतो, तो भाग गोरा दिसतो. जिथे जाड तिथे सावली. रंगाचा एक थेंब न वापरता, नुसत्या जाडीच्या फरकाने चित्र तयार होते. पोर्सिलेन अर्धपारदर्शक असते म्हणूनच हे जमते. बरणीच्या मातीत जमणार नाही.

"दूध संपवलं तरच बाई दिसेल, असं सासूबाई मुलांना सांगायच्या," आजी म्हणाल्या. "माझ्या तिन्ही पोरांनी त्या बाईपायी दूध प्यायलं."

चांगल्या कामासाठी…

समितीच्या बैठकीत आम्ही हे सगळे सांगितले. एक जण म्हणाले, आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता, "अहो, पैसे वसतिगृहाच्या मुलींना जाणार. थोडं वाढवून सांगितलं तर काय बिघडलं?"

त्यावर आम्ही बराच विचार केला. आमचे मत असे झाले, की बिघडते. लिलावात बोली लावणारा डॉलर मोजतो ते मंडळाच्या शब्दावर. उद्या त्याने घरी जाऊन कप उलटा केला आणि "मेड इन जपान" वाचले, तर तो टी-सेटवर चिडणार नाही. तो पुढच्या वर्षी आपल्या हिशेबाच्या वहीकडे संशयाने बघेल. आणि नुकसान होईल ते त्याच मुलींचे.

दुसरे असे, की वस्तूंच्या खऱ्या गोष्टी नेहमीच गोड नसतात, तरी त्या सांगायला हव्यात. अरिताची सुरुवात पकडून आणलेल्या कुंभारांपासून झाली. आणि आम्ही राहतो ते सेम्बावांग तर ब्रिटिशांच्या नाविक तळाचे गाव. तो तळ १९३८ साली उघडला, आणि १९४२ ते १९४५ जपान्यांच्या ताब्यात होता. आजी सकाळी ज्या गरम पाण्याच्या झऱ्यावर पाय शेकायला जातात, तिथे त्या काळात जपान्यांनी आपल्यासाठी न्हाणीघरे बांधली होती. आमच्या ब्लॉकमधल्या म्हाताऱ्या चिनी शेजाऱ्यांच्या घरात त्या वर्षांच्या आठवणी आहेत. जपानी कारागिरीचे कौतुक करताना ते विसरून चालत नाही, आणि ते आठवले म्हणून काकिएमोनची फांदी कमी सुंदर होत नाही. दोन्ही एकदम मनात ठेवावे लागते.

आणि किंमत म्हणजे तरी काय? पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, कुलपे, फण्या अशा रोजच्या वापराच्या वस्तू गोळा केल्या. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले आणि १९७५ साली ते सगळे महाराष्ट्र शासनाला देऊन टाकले. तिकडे जपानमध्ये यानागी सोएत्सु यांनीही हेच सांगितले, की अनामिक कारागिरांनी सामान्य घरांसाठी केलेल्या वस्तूंतही सौंदर्य असते. टोकियोत १९३६ साली त्यांनी अशा वस्तूंचे संग्रहालय उघडले. केळकर वाड्यात ज्याने अडकित्त्यांचे कपाट पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजवायला नको.

समितीने मसुदा बदलला. कार्डावरच्या दोन ओळींच्या चार झाल्या, त्या अशा :

"जपानी पोर्सिलेनचा निर्यातीचा टी-सेट. बहुधा १९२१ नंतरचा, १९३० च्या दशकात मुंबईत खरेदी. सहा कप, पाच बश्या, किटली, दोन भांडी. एका कपाच्या कडेला टवका. कप रिकामा करून उजेडाला धरावा."

पाचवी ओळ आजींनी सांगितली, ती त्यांच्याच शब्दांत खाली लिहिली आहे : "हा सेट जो घेईल त्याने कपाटात ठेवू नये. घरातल्या मुलांना यातून दूध द्यावं."

तर मंडळी, लिलावाच्या दिवशी डावीकडच्या टेबलावर तो सेट मांडलेला असेल. शेजारी भिंग आणि टॉर्चही ठेवू. लाजू नका. खुशाल हातात घ्या, टिचकी मारा, उलटा करा, तळ वाचा, मग उजेडाला धरा. आणि सगळे खरे खरे कळल्यावर जी बोली लावावीशी वाटेल, ती लावा. टवक्याचे पैसे कापू नका, एवढीच विनंती!